महिना सहाशे

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये बत्तीस वर्षं
कोऱ्या नोटा मोजल्या मी,
सुटताना रोज खिसे उलटे करून दाखवले.
आता पेन्शनीतले सहाशे माझे.
बाकी शरयूचे, विजेचे, गुडघ्यांच्या गोळ्यांचे.

सहाशेत बंदूक येत नाही.
सहाशेत बंदुकीचा घोडा येतो,
तोही जबड्यातली गारगोटी हरवलेला.
म्हणून मी बंदुका जमवत नाही,
बंदुकांचे अवयव जमवतो.

कोकणीपुऱ्यातला निसार पितळ किलोवर देतो.
त्याच्या ढिगात, बंबाच्या तोटीखाली,
एक चाप सापडला, बोटाच्या बाजूने झिजलेला.
कुणाचं बोट, ते निसारला ठाऊक नव्हतं.
तरी दहा रुपये त्याचे वेगळे लावले त्याने.

बुधवारी गोदाघाटावर
मेथीच्या जुड्या संपतात तिथे
कुलपं-बिजागऱ्या मांडून एक बाई बसते.
गोळ्या ओतायचा साचा तिच्याकडे होता.
अडकित्ता आहे, म्हणाली,
नि अडकित्त्याचेच पैसे घेतले.
मी काही तिला खोटं पाडलं नाही.

देवळालीत एका बंगल्याचा लिलाव निघाला.
अख्खी ठासणीची बंदूक, पितळी पट्ट्या, मूळ गजासकट.
बोली सुरूच झाली माझ्या चार वर्षांपासून.
तासभर नाक खाजवलं नाही,
हात वर गेला असता तर?

दर दिवाळीला शरयूपुढे शपथ घेतो,
आता एक खिळासुद्धा आणणार नाही.
ती निरंजनाची वात वळत म्हणते,
नळी फुंकली सोनारे.

आणि नळीच तर नव्हती.
चाप होता, घोडा होता, दस्ता होता
(दोन तुकडे, दोन वेगळ्या झाडांचे),
दारूचं शिंग होतं, तळाशी मुंग्यांनी घर केलेलं.
परवाना शाखेतले पगारे यादी वाचून म्हणाले,
चालते का?
म्हटलं, साहेब, अजून जमलीच नाही.

मग कुणीतरी हरसूलकडचा पाडा सांगितला.
अर्ध्या तिकिटात एसटी, पुढे दोन कोस पायी.
जिवलीबाई गावित चुलीपुढे उकिडव्या,
आणि त्यांच्या ओठांना लागलेली
माझी नळी.

तोड्याच्या बंदुकीची. पुढून हातभर कापलेली,
मागचं बूड सासऱ्याने कधीतरी उघडलेलं,
पण आठही पैलू शाबूत, कान शाबूत.
ज्या भोकातून रंजक पेटून आत जायची
त्या भोकावर बाईंनी अंगठा दाबला होता,
वारा निसटू नये म्हणून.

मी सहाशे पुढे केले.
त्या म्हणाल्या, भाकर भाजून होऊ दे.
मग म्हणाल्या, नेशील, पण मी फुंकू कशानं?
मी उलट हरसूलला गेलो,
चाळीस रुपयांची नवी कोरी नळी आणली.
त्यांनी दोनदा फुंकून पाहिली,
राख उडाली, जाळ काही उठला नाही.
हिच्यात वारा फुटतो, म्हणाल्या,
नि माझी मला परत दिली.
वर एक भाकर, मिरचीचा ठेचा.
साडेचारची गाडी चुकली.

घरी कपाटात सगळं ओळीनं मांडलंय.
घोड्याच्या पुढे सव्वा हात जागा मोकळी,
तिथे पोस्टकार्डाच्या पाठीवर लिहिलंय:
नळी, लोखंडी, आठ पैलू, साल माहीत नाही.
मुक्काम जिवलीबाई गावित, हरसूलजवळ.
वापरात आहे.

चाळीसवालीने शरयू
पंख्यामागची जळमटं काढते.